अडकित्ता दाराबाहेर

त्या दाराला सगळे ‘लोखंडाचं दार’ म्हणत, आणि त्यात लोखंड औषधालाही नव्हतं. दार सागवानी, बिजागऱ्या पितळेच्या, कडी तांब्याची. नाव पडलं होतं ते दारापुढे माणसाला जे काही काढून ठेवावं लागे त्यावरून.

सुवर्णा तारळेकर, वय वर्षं बासष्ट, राहणार विटा, या दारापुढे पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा आपण एवढं लोखंड अंगावर बाळगतो याचा तिला पत्ताच नव्हता. बांगडीत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना निघाल्या. अंबाड्यातले सात आकडे निघाले. कमरेला खोचलेली कपाटाची किल्ली निघाली, चष्मा निघाला. एवढं झाल्यावर दारावरच्या निलोफर सिस्टरने तिच्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, की ब्लाऊजचे हुकसुद्धा.

“आता गं बया! मग आत काय गोधडी गुंडाळून जाऊ?”

“नाडीचा झगा आहे ना, मावशी. तो घाला. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं राहू द्या. सोन्याचांदीचं आमच्या चुंबकाला काही वाटत नाही.”

“ते मला नको सांगूस,” सुवर्णा म्हणाली. “तीस वर्सं कोइमतूरला गलाईत घातलीत आमी.”

हे खरंच होतं. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली, त्यातलंच तिचं घर. नवरा बजरंग भट्टीपाशी बसायचा आणि येईल त्या दागिन्याला आधी चुंबक लावायचा. चिकटला तर आत लोखंड, म्हणजे गिऱ्हाईक लबाड. धंदा बंद करून गावी आल्यालाही आता दहा वर्षं झाली, पण तो चुंबक अजून त्याच्या खिशात असे. त्यामुळे बजरंगरावांना दाराच्या आसपास फिरकायचीही बंदी होती, आणि ते बाहेरच्या बाकावर फुरंगटून बसले होते.

झग्याच्या नाड्या आवळून सुवर्णा आत गेली. खोलीच्या मधोमध धान्याच्या कणगीएवढं पांढरं यंत्र होतं. कणगीला समोरून काचेची खिडकी. त्या खिडकीत तिची नात होती.

ती कशावरही निजलेली नव्हती. तिच्याखाली गादी नव्हती, दुपटं नव्हतं, हात नव्हता. नऊशे दहा ग्रॅमचा तो जीव हवेत होता, जरासा कुशीवर वळलेला, मुठी मिटलेल्या. नाकाशी आणि बेंबीशी केसासारख्या बारीक नळ्या. मधूनच ती एक पाय झटके आणि त्या झटक्याने सगळीच्या सगळी सावकाश फिरे.

सुवर्णाला वाटलं होतं आपण घाबरू. पण तिला आधी हसूच आलं. मग डोळ्यांत पाणी आलं.

पोर सातवा महिना लागता लागताच जन्माला आलं होतं. अशा बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक असते. पूर्वी कितीही मऊ गादीवर ठेवलं तरी जिथं अंग टेके तिथं ती सोलवटून निघे, आणि त्या फटीतून जंतू शिरत. पुष्कळ बाळं त्यातच जात. म्हणून मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की बाळ टेकवलंच नाही तर?

ज्यावर हे सगळं चालतं ती गोष्ट जगाला दोनशे वर्षं ठाऊक होती, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं. चुंबक लोखंडाला ओढतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाकीच्या वस्तूंना तो काही करत नाही असं आपण धरून चालतो, आणि तिथंच चुकतो. पाणी, लाकूड, सोनं, द्राक्ष, माणूस, यांच्या अणूअणूत फिरणारे इलेक्ट्रॉन चुंबक जवळ आला की आपली चाल किंचित बदलतात, आणि ती नेमकी चुंबकाच्या विरोधात. त्यामुळे ही सगळी मंडळी चुंबकापासून थोडीशी दूर सरकू बघतात. हा रेटा इतका क्षीण, की घरातल्या चुंबकाने तो कधी जाणवायचा नाही. पण चुंबक पुरेसा दांडगा असेल, तर तोच रेटा पृथ्वीच्या ओढीला पुरा पडतो. कधीकाळी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत असाच एक बेडूक तरंगवला होता, तेव्हा निलोफरची आई शाळेत जात होती. त्या वेळी चुंबकाला वीज इतकी लागे, की बेडकाच्या पलीकडे कुणी गेलं नाही. पुढे विजेला अजिबात अडवणार नाही अशी तार स्वस्तात निघायला लागली आणि हे यंत्र कणगीएवढं झालं. आता ते विट्यासारख्या गावाच्या बालरुग्णालयातही आलं होतं. लोक त्याला अधांतरी पाळणा म्हणत.

“आणि हा रेटा वरवरचा नाही बरं का, मावशी,” निलोफर म्हणाली. “खालून फुंकर मारून पीस उडवावं तसं नाही हे. तिच्या अंगातला पाण्याचा थेंब न् थेंब स्वतःचा स्वतः तोलला जातो. त्यामुळे कुठंच काही रुतत नाही.”

“आईच्या पोटात असतंय तसं?”

“त्याहून जास्त सुखाचं.”

सुवर्णाने मान डोलावली. सगळं पटलं होतं. तरी बाहेर येऊन सेफ्टी पिना पुन्हा बांगडीत अडकवताना तिच्या मनात एकच हिशेब चालू होता. आज दुसरा दिवस. शुक्रवारी पाचवी.

आपल्याकडे बाळाची पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात, आणि बाळाच्या उशाखाली विळा, कोयता नाहीतर अडकित्ता ठेवतात. लोखंड जवळ असलं की वाईट काही फिरकत नाही. कुणी हे मनापासून मानतं, कुणी ‘असू दे, आपलं काय जातं’ म्हणून करतं. सुवर्णा यातल्या कुठल्याच प्रकारात बसत नव्हती. तिचं कारण निराळं होतं.

अडतीस वर्षांपूर्वी कोइमतूरच्या गल्लीत तिला पहिली मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, गळा काढून रडणारी. सासूने पहिल्याच दिवशी उशाखाली अडकित्ता सरकवला होता. चौथ्या दिवशी शेजारणीकडे पाहुणे आले, तिने सुपारीसाठी अडकित्ता मागितला, आणि सुवर्णाने तो उशाखालून काढून आपल्या हाताने दिला. घटकाभरासाठीच. संध्याकाळी पोरगी तापली. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

सासू वाईट नव्हती. तिने सुनेला कधी घालूनपाडून बोललं नाही. फक्त एकदा, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, “लोखंड हाललं तवाच.” तेवढं वाक्य सुवर्णाच्या काळजात जे जाऊन बसलं ते बसलं. पुढे हर्षद झाला तेव्हा तो अडकित्ता वर्षभर त्याच्या उशाखालून हलला नाही. त्या अडकित्त्याने त्यानंतर सुपारीचं एक खांडसुद्धा कातरलं नव्हतं. घरात पाहुणे आले की सुपारी कातरलेली विकत आणायची, असा दंडकच पडला. आणि आता हर्षदची मुलगी पाचवीला लोखंडाविना राहणार होती, तेही हवेत.

तिने हर्षदला विचारून पाहिलं. हर्षद शाळेत विज्ञान शिकवायचा. “आई, तिथं टाचणीसुद्धा चालत नाही,” एवढं म्हणून तो सूनबाईच्या खोलीत निघून गेला. तिने नवऱ्याला विचारलं. बजरंगराव म्हणाले, “अगं, एवढ्या मोठ्या चुंबकापुढं तुझ्या अडकित्त्याची काय टाप?” आणि आपल्याच विनोदावर हसले. तेव्हा तिने विचारणं सोडून दिलं.

सोनं गळतीला कुठून लागतं हे हेरण्यात तिचा अर्धा जन्म गेला होता. कारागिरांच्या नखातली आणि केसांतली धूळ तिने पकडली होती. दोन दिवस बाकावर बसल्या बसल्या तिने लोखंडाच्या दाराचीही गळती हेरली. माणसांसाठी दारात कमान होती, ती पिनेलाही ओरडे. पण बाळांची दुपटी-टोपडी दाराने जात नसत. ती शेजारच्या भिंतीतल्या खिडकीत ठेवायची. तिथून ती वाफेच्या पिंपात जात, तासभर शिजत, आणि पलीकडून थेट आत निघत. कपड्याला बटण, हुक नाही ना एवढं खिडकीवरच्या कामवाल्या मावशी हाताने चाचपून बघत. त्या खिडकीला कमान नव्हती.

गुरुवारी दुपारी तिने आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं एक टोपडं शिवलं. शिवणीची सुई चिमट्याने अर्धी मोडली, तो तुकडा अडकित्त्याला तीनदा टेकवला आणि काठाच्या दुमडीत घालून वरून दुहेरी टीप मारली. हात लावून कळायचं नाही इतकं ते बेमालूम जमलं. तिला हलकं वाटलं. अडकित्ता मात्र तिने पिशवीत टाकलाच, सवयीने.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला टोपडं खिडकीतून आत गेलं. चाचपणाऱ्या मावशी म्हणाल्या, “किती मऊ हो कापड!” अकरा वाजता पिंपाची वाफ सुरू झाली. बारा वाजता टोपडं बाळाला घालणार होते. सुवर्णा बाकावर येऊन बसली आणि तिने पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर पोहे खाल्ले.

निलोफर चहाच्या सुट्टीत बाहेर आली तेव्हा बजरंगरावांनी तिला गाठलं. “सिस्टर, तुमी म्हणता सोनं चुंबकापासनं पळतंय. मी तीस वर्सं चुंबक लावला, एकदा बी पळालेलं बघितलं न्हाई.”

“पळतं काका, पण लाजत लाजत. थांबा.” डब्यातली दोन द्राक्षं तिने शीतपेयाच्या नळीच्या दोन टोकांना टोचली, नळीला मधोमध दोरा बांधला आणि तो बाकाच्या हाताला टांगला. नळी हलायची थांबेपर्यंत सगळे श्वास धरून बसले. मग तिने बजरंगरावांचा चुंबक एका द्राक्षाच्या अगदी जवळ नेला, चिकटवला मात्र नाही. द्राक्ष क्षणभर तसंच राहिलं. आणि मग कुणी न हलवता, सावकाश, चुंबकाला पाठ दाखवून निघालं. नळी गोल फिरली. दुसरं द्राक्ष समोर आलं, तेही तसंच मागे हटलं.

“आयला!” बजरंगराव म्हणाले. चाळीस वर्षं खिशात बाळगलेला चुंबक त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

सुवर्णाही खुदकन हसली. “आणि लोखंडाचं काय हुतंय गं?” तिने सहज विचारलं. निदान तिला तरी वाटलं की सहज.

“लोखंडाचं? ते बघा की तिथं.” निलोफरने दाराशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं काचेच्या पेटीत दोऱ्याने बांधलेला केसांचा आकडा होता. सुवर्णाने तो रोज पाहिला होता, पण नीट नव्हता पाहिला. दोरा वरून खाली लोंबत नव्हता. तो भिंतीकडे ताणलेला होता, आडवा, आणि आकडा त्याच्या टोकाशी थरथरत होता.

“आणि हे भिंतीच्या अलीकडे, बारा फुटांवर. यंत्रात त्याच आकड्याची ओढ शेकडो पटींनी वाढते. बसवलं तेव्हा एका कामगार बाईच्या अंबाड्यातून एक आकडा आत गेला होता. पाळणा रिकामा होता म्हणून बरं. आकडा समोरची जाड काच फोडून कडेच्या भिंतीत जाऊन बसला. मधे जे काही येईल त्याच्यातून तो…”

पुढचं सुवर्णाला ऐकू आलं नाही. तिला फक्त टोपडं दिसलं, टोपड्याचा काठ दिसला, आणि काठाच्या आत काय होतं ते दिसलं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

गप्प बसून भागणार नव्हतं हे तिला कळलं, आणि बोललं तर काय होईल हेही कळलं. नातीजवळ पुन्हा उभं करणार नाहीत. मुलगा तोंड बघणार नाही. यातलं सगळं तिच्या मनातून एका दमात जाऊन संपलं, आणि ती उभी राहून अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “टोपडं! माझ्या टोपड्यात सुई हाय! पोरी, धाव!”

निलोफर धावली. तिने कपही खाली ठेवला नाही, तो हवेतच सोडला. झगा चढवायला वेळ नव्हता, म्हणून तिने भिंतीवरचं लाल बटण दाबलं. त्यासरशी पिंपाचं पलीकडचं दार कुलूपबंद झालं. अलीकडची खिडकी उघडून तिने वाफाळलेल्या ढिगातून टोपडं ओढून काढलं, तळहात भाजले तरी. दातांनी टीप उसवली. सुईचा तुकडा बाहेर आला आणि तिच्या बोटांतून निसटून भिंतीकडे सरपटला.

ओरडा ऐकून हर्षद सूनबाईच्या खोलीतून धावत आला होता. “आई, काय झालं असतं कळतंय का तुला? कळतंय का?” त्याचा आवाज फाटला होता. सुवर्णाने मान खाली घातली. बजरंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच बायकोच्या बाजूने काही म्हणायला तोंड उघडलं, पण हर्षदने त्यांना हातानेच थांबवलं.

डॉक्टर रेठरेकर खाली आले. तरुण होते, हुशार होते, आणि रागाने लाल झाले होते. “आजी, आजपासून तुम्हाला आत प्रवेश बंद. विसाव्या शतकातल्या अंधश्रद्धा घेऊन तुम्ही या यंत्रापाशी…”

निलोफरने नुसतं दारासमोर, लांबच्या भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. आत जाताना काढलेल्या वस्तू तिथं ठेवलेल्या असत. डॉक्टरांनीही तिकडे पाहिलं. किल्ल्या, पट्ट्यांची बक्कलं, आकडे, आणि कोपऱ्यातल्या वाटीत घोड्याच्या नालेची एक काळी अंगठी, शनीची. डॉक्टर रोज सकाळी ती तिथं काढून ठेवत आणि संध्याकाळी जाताना बोटात घालून घरी जात.

डॉक्टर खोकले. “माझ्या आईने दिली आहे,” ते म्हणाले. आणि मग बऱ्याच खालच्या पट्टीत म्हणाले, “त्या खिडकीला कमान बसवायची राहिली, ही आमचीच चूक. आजच बसवा. आणि आजींनी स्वतः सांगितलं, तेव्हा… दोन दिवस बंदी. मग बघू.”

सगळे पांगल्यावर निलोफर हाताला मलम लावून सुवर्णाच्या शेजारी येऊन बसली. सुवर्णाने तिचा भाजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्या हाताकडे बघत सगळं सांगितलं. कोइमतूर, शेजारीण, अडकित्ता, सासूचं वाक्य. नवऱ्यालाही तिने हे कधी सांगितलं नव्हतं. शेवटी तिने विचारलं, “पोरी, तू दवाखान्यातली हायस. खरं सांग. कशानं गेली असंल ती?”

“आधी दूध सोडलं होतं का?”

“व्हय. सकाळपासनंच. अंगावर घ्यायची न्हाई.”

“सकाळपासून? आणि अडकित्ता कधी दिलात?”

“दुपारला.”

“अंग ढिलं पडलं होतं? बेंबी लाल होती?”

सुवर्णाने बराच वेळ आठवलं. “व्हती,” ती म्हणाली. “लाल व्हती.”

“मावशी, नाळेतून रक्तात जंतू गेले होते. ते तुम्ही अडकित्ता द्यायच्या आधीच गेले होते. तिला औषध हवं होतं. अडकित्ता असता तरी ती गेलीच असती. तुमच्या हातून काहीसुद्धा झालेलं नाही.”

सुवर्णा त्या बाकावर बसून ढसाढसा रडली. अडतीस वर्षांत ती त्या पोरीसाठी अशी रडली नव्हती. आजवर तिला नुसती भीती वाटत आली होती, गुन्हेगाराला वाटते तशी. आज तिला आपली मुलगी आठवली, तिचं जावळ आठवलं, आणि दुःख झालं. ते दुःख चांगलं होतं.

डोळे पुसून तिने पिशवीतून अडकित्ता काढला आणि फळीवर डॉक्टरांच्या अंगठीशेजारी ठेवला. “पाचवी हितंच,” ती म्हणाली. “दाराभायेर. आत माझ्या नातीला राखायला कोण हाय गं मग?”

“ती स्वतःच आहे की,” निलोफर म्हणाली. “चुंबक तिला नाही उचलत, मावशी. चुंबक जवळ आला की तीच त्याला लोटते. म्हणून तरंगते.”

सुवर्णाने यावर बराच विचार केला. “आमच्या घरातलीच म्हणायची,” ती म्हणाली.

सात आठवड्यांनी नातीला खाली उतरवायला सुरुवात झाली. एकदम नाही उतरवत. चुंबकाचा जोर रोज जरासा कमी करायचा, म्हणजे बाळाला थोडं थोडं वजन मिळतं. पहिल्या दिवशी तिला बडीशेपेच्या चिमटीएवढं वजन मिळालं, तर तिने कपाळाला आठ्या घातल्या. शेवटच्या दिवशी दोन किलो शंभर ग्रॅमचं सगळं वजन तिला परत दिलं आणि तिला सुवर्णाच्या ओंजळीत ठेवलं. आपण जड आहोत हे कळताच पोरीने जो टाहो फोडला, तो ऐकून बाहेर बाकावरचे बजरंगराव उठून नाचले.

बारशाला घर भरलं होतं. चुलत आत्याने कानात नाव सांगितलं, रेवा. बायकांनी आत्याच्या पाठीवर धपाटे घातले. चुलत जाऊबाईंनी पाळण्यात डोकावून उशी उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावला. “अगं सुवर्णे, हिच्या उशाला काहीच न्हाई? तुझा तो अडकित्ता कुठाय?”

सूनबाईने सासूकडे पाहिलं. हर्षदही दारातून बघत होता.

“हाय की हितंच,” सुवर्णा म्हणाली.

तिने कमरेचा अडकित्ता काढला. पानाचं तबक पुढे ओढलं, त्यातली एक अख्खी सुपारी उचलून पात्यांमध्ये धरली आणि कटकन कातरली. पातं अजून धारदार होतं. पहिलं खांड तिने जाऊबाईंच्या हातावर ठेवलं.

“घ्या,” ती म्हणाली. “आणि कुणाला पायजे?”